गॅरेजमधला राखणदार

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला नेरूळच्या त्या रो-हाउसच्या गॅरेजपुढे चपलांचा खच पडला होता. आत पन्नासएक माणसं दाटीवाटीनं बसलेली, मागची टाचा उंचावून उभी. मधोमध धर्मराज महाराज. भगवी लुंगी, भगवा सदरा, गळ्यात तीन पदरी माळ आणि हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि कॅनमधलं तीर्थ जमिनीवर धारेनं सोडलं. जमीन फसफसली. पांढरा फेस उठला, बुडबुडे फुटायला लागले, वर काहीतरी धुरकट तरळलं आणि पुढच्या रांगेला ठसका लागला.

"राखणदार श्वास घेतोय," महाराज म्हणाले.

ज्यांना ठसका लागला त्यांनीच आधी हात जोडले. एरवी शेजारच्या घरातल्या फोडणीनं यांना खोकल्याची उबळ येते आणि खिडकीतून भांडणं होतात. आज डोळ्यांतून पाणी वाहत होतं तर म्हणे भक्तीनं वाहतंय. आणि ही माणसं अडाणी होती म्हणावं, तर तसंही नाही. दोघे बँकेतले, एक वकील, झालंच तर सोसायटीचे चेअरमन दिलीपराव कोटणीस. मागच्या मीटिंगच्या इतिवृत्तातला स्वल्पविराम चुकला म्हणून अर्धा तास वाद घालणारा हा गृहस्थ कॅनमध्ये काय आहे एवढं विचारत नव्हता.

महाराजांची टकळी सुरू झाली. ही सगळी मिठागराची जमीन. तिचा एक राखणदार आहे, तो हजार वर्षं इथे निजलाय. या घराच्या मालकानं त्याच्या अंगावर रंगाची चादर घातली, ती त्याला सोसली नाही, त्यानं ती फाडून टाकली. पटत नसेल तर बघा. रंग जिथे अजून टिकून होता त्या तुकड्यावर महाराजांनी थोडं तीर्थ ओतलं. काही झालं नाही. रंग निघालेल्या जागी ओतलं, पुन्हा फेस. आता याहून मोठा पुरावा कोणाला हवा? सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळ्यात जोरात डोलावली ती घरमालकानं, नंदकुमार प्रधानांनी.

नंदकुमारांच्या डोलण्याला कारण होतं, आणि ते फारसं शोभादायक नव्हतं.

रो-हाउस घेताना नकाशात गॅरेज होतं म्हणून त्यांच्या वाट्याला गॅरेज आलं. मोटार आली नाही, येणारही नव्हती. स्कूटर अंगणात राहायची. मुलगी सुचित्रा डॉक्टर झाली तेव्हा ठरलं, गॅरेजमध्ये तिचा दवाखाना. मुंबईच्या हॉस्पिटलातली तिची नोकरी मार्चअखेर संपणार होती आणि पाडव्याला इथे पहिला पेशंट तपासायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिची एकच मागणी होती: जमीन रोज फिनाइलनं पुसता येईल अशी हवी, नुसत्या सिमेंटच्या कोब्याची धूळ उडते. नंदकुमार म्हणाले, त्यात काय, मी रंगवतो.

नंदकुमार बेलापूरच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं दाखवल्यामुळे आपल्याला कोणी काही सांगावं हे त्यांना खपत नसे. रंग नीट बसावा म्हणून त्यांनी गवंडी बोलावला आणि होता तो कोबा पुन्हा सिमेंट लावून असा घोटून घेतला, की त्यात तोंड दिसावं. मग दारं-ग्रिलांचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला. तीन आठवड्यांत फडक्याबरोबर पोपडे निघाले. तेव्हा ते नाक्यावरच्या करीमभाईंच्या रंगाच्या दुकानात गेले. करीमभाई उरणकडचे, याच खाडीकाठी जन्म गेलेला माणूस. जमिनीला इपॉक्सीचा रंग लावा म्हणाले, दोन डबे असतात, ऐन वेळी एकत्र करायचे.

"पन साहेब, कोबा आरशावानी घोटलाय तुमी," त्यांनी बजावलं होतं. "रंगाला धरायला काय हाय तिथं? आदी ॲसिडनं धुवा, खरखरीत करा. मंग वाळू द्या चांगला. जमीन खाडीची हाय, खालून ओल चढते."

एवढा घोटून घेतलेला कोबा ॲसिडनं खरवडायचा? दुकानदारांना आणखी एक बाटली खपवायची असते, एवढंच नंदकुमारांना त्यातून कळलं. रविवारी सकाळी जमीन ओल्या फडक्यानं लख्ख पुसली आणि दुपारी इपॉक्सी लावलं. महिन्याभरात तेही चादरीसारखं उचलून आलं.

बायकोनं, वैजयंतीबाईंनी, सहज विचारलं, असं कसं झालं हो? आता खरं तर 'माझं चुकलं' म्हणून विषय संपला असता. पण हे दोन शब्द त्या घरात लग्नापासून कोणी ऐकलेले नव्हते. नंदकुमार म्हणाले, "जमिनीतच काहीतरी आहे."

झालं! वैजयंतीबाईंनी ते शेजारच्या यशोदाबाईंना सांगितलं, यशोदाबाईंच्या माहितीत एक महाराज होते, आणि पुढच्याच गुरुवारी महाराज कॅन घेऊन गॅरेजात हजर झाले. राखणदाराची गोष्ट ऐकून नंदकुमारांच्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांच्या हातचा रंग उखडला नव्हता, तो देवानं फाडला होता. ही इज्जत करीमभाईंनी कुठे दिली असती?

तिसऱ्या गुरुवारी, म्हणजे ज्या गुरुवारची ही गोष्ट आहे त्या दिवशी, महाराजांनी निकाल दिला. राखणदाराला सुया, रक्त, इंग्रजी औषधं चालणार नाहीत. इथे दवाखाना झाला तर घरावर संकट येईल. पुढच्या गुरुवारी इथे पादुका बसतील आणि हा मठ होईल. वैजयंतीबाई घाबरून हो म्हणाल्या. सुचित्राला दुसरीकडे कुठे गाळा बघू, म्हणाल्या. कुठे बघणार, कशाच्या जोरावर बघणार, ते त्यांनाही माहीत नव्हतं. नंदकुमारांच्या डोळ्यांसमोर पोरीचा चेहरा आला, पण मान आधीच डोलावून झाली होती.

नेमकी त्याच वेळी सुचित्रा बसमधून उतरून दारात आली. आणि नेमकं तेव्हाच यशोदाबाईंनी पुढे सरकून त्या फेसात बोट बुडवलं आणि आपल्याकडची रीत म्हणून तीर्थ डोळ्यांना लावलं.

किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. महाराज म्हणाले, पाप जळतंय, जळू द्या. सुचित्रानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. यशोदाबाईंना दंडाला धरून अंगणातल्या नळाखाली वाकवलं आणि पंधरा मिनिटं डोळ्यावर पाणी सोडत राहिली. म्हातारी हात झटकत होती, देवाचा कोप होईल म्हणत होती, तरी सोडलं नाही. मग रिक्षात घालून वाशीला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. डोळा वाचला, पण आठवडाभर पट्टी आली.

परत आल्यावर तिनं वडिलांना दोनच प्रश्न विचारले. गॅरेजात कॉलेजच्या प्रयोगशाळेसारखा वास का येतोय? आणि सगळ्या जगाचं तीर्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात असतं, या महाराजांचं प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये का? नंदकुमारांनी पेपर उघडला. पेपर उलटा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना ओढतच करीमभाईंकडे नेलं. करीमभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि फळीवरून एक बाटली काढून समोर ठेवली. मोझॅकच्या लाद्या धुवायचं ॲसिड, धातूचं भांडं खातं म्हणून प्लॅस्टिकमध्येच ठेवतात. सिमेंटवर, चुन्याच्या दगडावर पडलं की फसफसणारच. रंगावर फसफसणार नाही, कारण रंगाखालच्या सिमेंटपर्यंत ते पोचतच नाही. आणि महाराजांचं वर्णन ऐकल्यावर तर करीमभाई हसायलाच लागले.

"तो धर्मा? लाद्या घासायला जायचा मशीन घेऊन. आता भगवं घालून येतो दुकानात. ॲसिड मातर तेच नेतो."

नंदकुमारांनी मान खाली घातली. हाच माणूस त्यांना ॲसिडनं जमीन धुवा म्हणून कळवळून सांगत होता. तेच ॲसिड, तीच जमीन. दुकानदारानं सांगितलं तेव्हा ती लबाडी वाटली आणि भगव्या सदऱ्यानं ओतलं तेव्हा चमत्कार!

पुढच्या गुरुवारी पादुका बघायला दुप्पट गर्दी. महाराजांनी कॅन उचलला तशी सुचित्रा पुढे झाली. म्हणाली, आज तीर्थ मी ओतते. हातात रबरी मोजे, तसलाच कॅन. ओतलं, राखणदारानं लगेच श्वास घेतला. लोक चक्रावले. मग ती बाहेर निघाली आणि सगळी गर्दी तिच्यामागे. अंगणातल्या शहाबादी फरशीवर ओतलं, फेस. कपडे धुवायच्या दगडाशेजारच्या सिमेंटवर ओतलं, फेस. शेवटी सोसायटीच्या फाटकावरची संगमरवरी पाटी, जिच्यावर दिलीपराव कोटणीसांचं नाव कोरलेलं होतं. तिच्या कोपऱ्यावर एक थेंब सोडला. तीही फसफसली.

"चेअरमनकाका, राखणदार तुमच्या पाटीतही निजलाय का?" तिनं विचारलं.

लोक हसले. पण महाराज काही कच्चे नव्हते. हे तुझ्या हातात माझ्या कृपेनं आलंय पोरी, असं त्यांनी सुरू केलं. सुचित्रा सगळ्यांना घेऊन परत गॅरेजात आली आणि महाराजांचाच कॅन त्यांच्यापुढे धरला.

"तुमचंच तीर्थ आहे. एक आचमन घ्या. ते नको तर नुसतं डोळ्याला लावा, यशोदाकाकूंनी लावलं तसं."

महाराज मागे सरले. त्यांच्या बोटांची टोकं ॲसिडनं पिवळी, खरबरीत झाली होती, ती आता सगळ्यांना दिसली. आज गुरुवार आहे, उपास आहे, असं काहीसं पुटपुटले. एका डोळ्याला पट्टी बांधून यशोदाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "उपासाला डोळे चालतात, महाराज."

तरी वैजयंतीबाईंच्या मनातलं जाईना. ॲसिड तर ॲसिड, पण दोनदा रंग का उखडला? त्याला काय म्हणायचं? गर्दीतून दुजोरा आला, महाराजांच्या डोळ्यांत पुन्हा जीव आला. सुचित्रा उत्तर देऊ शकली असती, पण ती वडिलांकडे बघत उभी राहिली. नंदकुमारांनी गर्दीवरून नजर फिरवली. शंभर माणसं, त्यात चेअरमन, त्यात बायको. पण आता गप्प राहिलं तर पोरीचा दवाखाना गेला, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"मी उखडवला," ते म्हणाले. "कोबा घोटून गुळगुळीत केला, ओल्यावर रंग लावला. करीमभाईंनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. माझं चुकलं म्हणायची लाज वाटली, म्हणून देवावर ढकललं."

महाराजांनी पादुकांचं बोचकं उचललं आणि पनवेलची बस सुटेल म्हणत गेले. त्यांचा कॅन तेवढा राहिला. नंदकुमारांनी तो मोरीत ओतला नाही. उरलासुरला रंग खरवडून, करीमभाई म्हणतील तेवढ्या पाण्यात तो ओतून, मोजे चढवून, दारं उघडी ठेवून त्याच ॲसिडनं सगळी जमीन धुतली, मग सोड्याच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं तीनदा. पंधरा दिवस वाळू दिली. ओल अजून चढते का ते बघायला प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला डकवला आणि दिवसभर ठेवला. खाली दव धरलं, म्हणून आणखी आठवडाभर थांबले. कागद कोरडा निघाला तेव्हाच डबे उघडले आणि आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे रंग लावत आले. पाडवा हुकला. दवाखाना अक्षय्य तृतीयेला सुरू झाला. सुचित्रा त्या जमिनीवर रोज फिनाइल मारते, पोपडा म्हणून निघालेला नाही.

दिलीपराव अजून सांगतात, काही म्हणा, महाराजांकडे शक्ती होती. सांगोत बापडे. त्यांच्या पाटीच्या कोपऱ्याला खळगा पडलाय, तो रोज बघतात आणि तरी सांगतात, त्याला कोण काय करणार?

पण तुम्ही तसे होऊ नका. घरात काही बिघडलं की आधी आपण काय केलं ते आठवा, ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा, आणि चूक आपली निघाली तर तोंड उघडून कबूल करा. आपण चूक कबूल करायला लाजलो, की ती देवाच्या नावावर खपवणारा दारात येतोच. तो आला आणि तुमच्या जमिनीवर काही ओतायला लागला, तर हात जोडू नका. आधी स्वतःच्या तळहातावर ओतून दाखव म्हणा.