जास्त म्हणजे कमी

प्रज्ञेश माझा धाकटा भाऊ, पण हट्टाला सगळ्यांत थोरला. वराळ्यात त्याचं गॅरेज आहे. तिथली बिलं आणि फोन मी बघते, कारण फोनवर त्याला ऐकू येत नाही. हे मी म्हणते. तो म्हणतो, रेंज नसती.

एके काळी तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत कुणाचं इंजिन कुरकुरलं, की लोक म्हणायचे, प्रज्ञेशला ऐकवा. बॉनेट न उघडता दुखणं सांगायचा. पण वर्षानुवर्षं, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या शिट्ट्यांपाशी उभा राहून कानांची पार वाट लागली. मशीन लाव म्हटलं की अंगावर येतो. "कानात मशीन घातलेल्या मेकॅनिककडं कोण गाडी देईल, ताई?" यावर मीच चिडले.

मग त्याने नवं खूळ काढलं. एका जुन्या गाडीला टर्बो बसवला. पेट्रोल घाला, इथेनॉल घाला, दोन्ही मिसळून घाला, चालली पाहिजे अशी ती केली. आणि सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर लावला, वाइडबँड. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो ओळखतो आणि डॅशबोर्डवरच्या मीटरवर आकडा दाखवतो. "इंधन कुठलं बी असू दे, एक म्हंजे बरोबर. जोर लावला की पॉइंट आठ पायजे. आता कान न्हाई लागत, डोळं बास." किती दिवसांनी हसला होता मेला. मला भरून आलं.

लोणावळ्याचा विक्की हौशी पोरांच्या गाड्या जमवून आणायचा. गेल्या वर्षी प्रज्ञेशच्या हातून एकाचं इंजिन गेलं, तेव्हापासून विक्कीने येणं बंद केलं. प्रज्ञेशने मला त्याला फोन करायला लावला. रविवारी कुरवंड्याचा चढ चढून दाखवतो, तू वर थांब. चढली तर विक्की गाड्या परत आणणार. नाही चढली तर गॅरेज बंद करून आंबी गावच्या कंपनीत स्टोअरला, पेट्या मोजायला लागायचं. माझ्या नवऱ्याने जागा बघून ठेवली होती. "पेट्यांना आवाज नसतो," प्रज्ञेश म्हणायचा. ते मला ऐकवत नसे.

वळणांवर त्याची नजर रस्त्यावरच हवी, म्हणून आकडा मी वाचायचा असं ठरलं. "जागेवर असला तर गप ऱ्हा. हालला तर कमी का जास्त, तेवढंच मोठ्यानं सांग." कशाचं कमी नि कशाचं जास्त, हे आम्हा दोघा शहाण्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

खालची वळणं झकास गेली. मग खडा चढ लागला आणि आकडा हलला. पॉइंट नऊ. एक. एकच्याही वर.

"जास्त! जास्त झालं!" मी त्याच्या कानाशी ओरडले.

त्याने मान डोलावली आणि उलट पाय आणखी दाबला. मी आकड्याचं सांगत होते, त्याला वाटलं इंधन जास्त झालंय. इंधन जास्त असलं की इंजिन थंड राहतं, भ्यायचं काही नसतं. पण आकडा वर गेला म्हणजे इंधन कमी पडून इंजिन तापतंय, असं त्या मीटरचं उलटं गणित आहे.

तेवढ्यात बॉनेटखालून आवाज यायला लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. मी गप्प बसले. आकडा माझ्याकडे होता, आवाज त्याचा प्रांत. काही वाईट असलं तर हा पाय काढेलच.

तो हसत होता. "ताई, ऐक," म्हणाला, "कसं सोच्छ चाललंय."

वर्षभर मी त्याला बहिरा म्हणून चिडवत होते, आणि तो इतका बहिरा झालाय हे मला ठाऊकच नव्हतं. मी दंड धरून त्याला ओढलं. तोवर मागे धूर झाला होता. गाडी गचके देत थांबली.

विक्की वरून चालत आला. आवाज वर त्याच्यापर्यंत गेला होता. प्रज्ञेश बॉनेटमध्ये वाकला होता, त्याच्या पाठीमागे उभं राहून विक्कीने हळूच विचारलं, "भाऊ, एवढं वाजत होतं, पाय का नाही काढला?"

प्रज्ञेश प्लग खोलत राहिला. विक्कीने परत विचारलं नाही. माझ्याकडे बघून मान खाली घातली आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रज्ञेशने गरम प्लग फडक्यात धरून दाखवला. टोकाला वितळलेल्या धातूचे बारीक मणी चिकटले होते. "पिस्टन गेला," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "वाजत हुतं?"

मी मान डोलावली.

"कसं?"

मी मूठ वळून बॉनेटच्या पत्र्यावर बोटांची हाडं आपटायला लागले. त्याने डोळे मिटले आणि कान जवळ आणला.

"जरा जोरात वाजव की, ताई."

मी सगळा जोर लावूनच वाजवत होते.