विधवेला नम्र नकार

विषय: तुमच्याकडे माणसं आहेत की नुसते दात?

हे मेलवर नाही, फोनवर विचारण्यात आलं. विचारणारे दातांचे डॉक्टर. आम्ही आपसात त्यांना अक्कलदाढ म्हणतो, कारण ते उशिरा उगवतात आणि ठणकतात. आमचा कवळ्या बनवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी आणि सगळीकडे प्लास्टरची भुकटी. तिथली निम्म्याहून जास्त कामं अक्कलदाढेकडून येतात. त्यांचं म्हणणं असं, की ते मेलवर मेल पाठवतात आणि आम्ही ढिम्म. आणखी एका मेलला उत्तर आलं नाही तर, "मी माझे जबडे दुसरीकडे पाठवीन."

फोन ठेवला आणि मी बाबांकडे पाहिलं.

बाबा मेल वाचत होते.


विषय: अभिनंदन! आपली निवड झाली आहे

बाबांनी आयुष्यभर दात बसवले. मग हात थरथरायला लागले. थरथरत्या हातांनी बसवलेला दात पेशंटच्या तोंडात वेगळंच बोलतो, म्हणून आम्ही त्यांना मेलच्या खुर्चीवर बसवलं. सन्मानाने बसवलं असं आम्ही म्हणतो. बाबा काय म्हणतात ते आम्ही विचारलं नाही.

बाबांचा एक नियम आहे: आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं. वजन कमी करण्याच्या गोळ्या विकणाऱ्याला उत्तर. केस उगवून देणाऱ्या तेलाला उत्तर. न काढलेल्या लॉटरीला उत्तर. आणि कुठल्याशा परदेशी श्रीमंत विधवेला, जिला मरणाआधी आपली सगळी संपत्ती आमच्या कारखान्याला द्यायची होती, तिला, आणि पुढे तिच्यासारख्या प्रत्येकीला, हे:

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. संपत्ती नको. प्रकृतीची काळजी घ्यावी."

ती त्यानंतर दर आठवड्याला लिहायला लागली. इतकं प्रेमाने तिला कोणी नाकारलं नसावं.


विषय: (रिकामा)

नवऱ्याचं निदान: असल्या नको त्या मेलच्या कचऱ्याखाली अक्कलदाढेचे मेल गाडले जातात आणि बाबांच्या नजरेतून सुटतात. उपाय: कचऱ्याची तक्रार करणारं एखादं चांगलं साधन घ्यायचं. जमलं तर असं, जे स्वतःच शिकेल, स्वतःच तक्रार करेल आणि माणसाची गरजच ठेवणार नाही.

माणसाची गरज नाही, हे तो हळू आवाजात बोलला. बाबांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांना सगळं ऐकू येतं, ही आमच्या घरातली मोठी अडचण आहे.

मी भट्टी तपासायला उठले. बोलायला हवं होतं का? पुढे जाऊ.


विषय: आमचे मोफत साधन वापरून पाहिल्याबद्दल आभारी आहोत

पहिलं साधन म्हणजे मेलच्या वरच असलेलं बटण. दाबलं की मेल कचऱ्यात आणि तक्रार मेल कंपनीकडे. फुकट. बाबांना ते उद्धट वाटलं. दारात आलेल्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. म्हणून ते आधी उत्तर द्यायचे आणि मग बटण दाबायचे.

दुसऱ्या साधनात तक्रार कचरा पकडणाऱ्या एका संस्थेकडे जायची. मेल कुठून निघाला, कुठल्या वाटेने आला, सगळी कुंडली सोबत. खाली एक चौकोन होता: "आणखी काही सांगायचे आहे का?" हा चौकोन बाबांना फार आवडला. तेलवाल्याविरुद्ध तक्रार करताना त्यांनी लिहिलं, की माणूस बोलायला गोड आहे, पण त्याला आमच्या टकलाची उगाच काळजी. संस्थेकडून आपोआप पोच आली. बाबांनी पोचेबद्दल आभार मानले. आभाराची पोच आली.

नवरा म्हणाला, "बाबा, ते मशीन आहे."

"असेल. पण जावईबापू, तुमच्यापेक्षा लवकर उत्तर देतं."


विषय: आपल्या पत्त्याची तपासणी पूर्ण

तिसरं साधन महागडं आणि हुशार. तेच ते, माणसाची गरज नसलेलं. त्यात एक सोय होती: कुठलाही पत्ता टाका, जगात किती लोकांनी त्याची तक्रार केली आहे ते दिसेल. नवऱ्याने तेलवाल्याचा टाकला. लाल. लॉटरीचा टाकला. लाल. विधवेचा, लाल भडक. तो खूश झाला आणि खोडी म्हणून आमचाच टाकला.

लाल.

खाली लिहिलं होतं: एकसारखा मजकूर अनोळखी लोकांना मोठ्या प्रमाणावर पाठवणारा पत्ता. मजकुराचा नमुनाही दिला होता. "आपल्या दुःखात आम्ही..."

भट्टी तेवढी घुरघुरत होती.

तर झालं होतं असं. बाबांनी अक्कलदाढेचा एकही मेल चुकवला नव्हता. प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. पण जगभरच्या भामट्यांना इतके नम्र नकार गेले, की आमचा पत्ताच भामट्यांत जमा झाला आणि बाबांची उत्तरं डॉक्टरांकडे थेट कचऱ्यात पडली. काही भामट्यांनी तर आमची तक्रारही केली असणार. कंटाळून.

बाबा खुर्चीतून उठले. म्हणाले, "ठमे, या खुर्चीवर आता तू बस."

मला तेच हवं होतं. महिनाभर तेच हवं होतं. ती खुर्ची इतकी रिकामी दिसली, की मी उभीच राहिले.


विषय: नाव काढण्यासाठी अर्ज

नवऱ्याने लाल पत्त्यांच्या यादीतून नाव काढायचा अर्ज केला. उत्तर आलं, वाट पाहा. अक्कलदाढ वाट पाहणाऱ्यांतले नाहीत. मी फोन केला, तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, डॉक्टर कामात आहेत आणि तुमचं नाव काढलं की जास्तच कामात असतात.

बाबांनी तयार झालेला खालचा जबडा कापसात गुंडाळला, पिशवीत घातला आणि चप्पल शोधायला लागले. मीही निघाले.

दवाखान्यात त्यांनी त्या बाईला कचऱ्याचा फोल्डर उघडायला लावला. लॉटरी आणि वजनाच्या गोळ्या यांच्या मधोमध बाबा ओळीने बसले होते. एवढ्यात अक्कलदाढ तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आले आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागले.

"निरोप मिळाला. खालचा जबडा शुक्रवारी देतो. वहिनींचा गुडघा कसा आहे?"

पुढचा मेल. वरचा जबडा, आणि गुडघा. त्याच्या पुढचा. नुसता गुडघा.

आत कोणीतरी तोंड उघडं ठेवून वाट पाहत होतं. डॉक्टरांनी पहिला मेल पुन्हा उघडायला लावला. मग म्हणाले, "बरा आहे. आता जिने चढते."

"मग हे बटण दाबा," बाबा म्हणाले. "हा कचरा नाही, असं लिहिलंय ते."

डॉक्टरांनी स्वतः दाबलं. पिशवीतला जबडा घेतला, उजेडात धरून पाहिला आणि जाता जाता पुढच्या दोन कवळ्यांची मापं बाईकडून घेऊन जायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मी घराकडे वळले. बाबा उलट दिशेला. "बाकीचे डॉक्टर काय आपोआप दाबणार आहेत?"


विषय: प्रिय मित्रा, मी अजून जिवंत आहे

साधन आम्ही पहिलंच ठेवलं, फुकटातलं. हुशार साधन नवऱ्याने परत केलं. ते आता आम्हाला रोज मेल पाठवतं, परत या म्हणून.

सकाळी बाबा डॉक्टरांकडे फिरतात, दुपारी खुर्चीवर बसतात. अट एकच: अनोळखी माणसाला उत्तर नाही, सरळ बटण.

काल विधवा आली. नवरा आणि मी कामं सोडून पाहत राहिलो. बाबांनी मेल शेवटपर्यंत वाचला. बोटं एकदा अक्षरांकडे गेली, परत आली.

"फक्त एवढं कळवू का, की यापुढे कळवता येणार नाही?"

"बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "माफ करा हं, बाई," स्क्रीनला म्हणाले, आणि थरथरतं बोट बटणावर टेकवलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं.