दहाव्या जागेवरचा नंबर

मित्रांनो, नीट बसा आणि माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. मी एक जुना फोन आहे. पण नुसता 'फोन' म्हणून हाक माराल, तर मी ओ देणार नाही. माझ्या ऐन उमेदीच्या काळात मला दुहेरी फोन म्हणत. घरात असलो की मी घरचा कॉर्डलेस. भिंतीतल्या तारेला जोडलेला एक चौकोनी डबा ही माझी बैठक, आणि घरचा जुना नंबर हाच माझा नंबर. मला घेऊन कोणी रस्त्याला लागले आणि बैठकीची हद्द सुटली, की मी आपोआप मोबाइल होत असे. मग माझा टॉवर निराळा, नंबर निराळा आणि आलेल्या कॉलची यादीही निराळी. मालकाला बोटसुद्धा हलवावे लागत नसे. या गुणाचा मला फार गर्व होता. 'दोन घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण मी तोवर ऐकलेली नव्हती.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या दालनात झाला. तिथे टोप्या घातलेल्या बाया माझ्यासारखी शेकडो यंत्रे जुळवीत. एकीने माझ्या कानात शिटी वाजवली, मी ती दुसऱ्या टोकाला पोचवली, आणि तिने माझ्या पाठीवर 'पास'ची चिठ्ठी चिकटवली. आयुष्यात मिळालेली ती पहिली शाबासकी. आमचे शिक्षण तेवढेच: एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत जसेच्या तसे पोचवायचे, पदरचा एक शब्दही घालायचा नाही. तोंड आहे, कान आहेत, पण स्वतःचे म्हणून एक वाक्य नाही. या शिस्तीचे तेव्हा मला काहीच वाटले नव्हते.

मला विकत घेतले ते एका पुस्तक बांधणाऱ्याने. पुढे राहते घर, मागे अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याच्या छपराची कार्यशाळा, अशी त्याची जागा होती. कार्यशाळेत खळीचा वास, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, कागद दाबायचा लोखंडी शिकंजा आणि मेण लावलेल्या दोऱ्याची रिळे. घरात तो आणि त्याची धाकटी बहीण, अशी दोनच माणसे. बहिणीला सारी गल्ली आत्याबाई म्हणे. तिचे दोन नियम होते. घरात धूळ दिसता कामा नये, आणि घरातून बाहेर जाणारी वस्तू पुसलेली व चालती असली पाहिजे. रद्दीत जाणारी बरणीसुद्धा ती झाकण लावून, पुसून देई.

"हे कशाला आणलंस, दादा?" मला पाहून तिने विचारले. "तो काळा फोन काय वाईट होता? खलबत्त्यासारखा दणकट आहे!"

"गिऱ्हाइकांचे फोन चुकतात. मी मागे असतो, ऐकू येत नाही."

"गिऱ्हाइकांचे," आत्याबाई म्हणाल्या. "बरं. गिऱ्हाइकांचे तर गिऱ्हाइकांचे."

त्या असे का म्हणाल्या, ते मला पुढे हळूहळू कळले. बांधणाऱ्याला एकुलती एक मुलगी होती. घरात तिला ठमी म्हणत. तिचा हात बापापेक्षाही हलका होता. एकदा तो तापाने अंथरुणाला खिळला असताना शाळेची चाळीस पुस्तके तिने शिवण्याऐवजी चिकटवून दिली. कोणालाही फरक कळला नसता. बापाला कळला. त्याने चाळीसच्या चाळीस पुस्तके तिच्यादेखत उसवली. "माझ्या हातचं पुस्तक शंभर वर्षं उघडलं पाहिजे," तो म्हणाला. "वाचायला माणूस घरात ठेवाल तर उघडेल ना," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दूरच्या एका छापखान्यात नोकरीला निघून गेली. आठवड्याने तिने फोन केला. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच बापाने तो काळा फोन दाणकन खाली ठेवला. तेव्हापासून चार वर्षे तिचा फोन नव्हता आणि पत्ताही ठाऊक नव्हता. तिला घरचा तेवढा एक नंबर माहीत होता. तो नंबर जिथे जाईल तिथे खिशात वागवता यावा, म्हणून मी आलो होतो.

माझी बैठक पुढच्या खोलीच्या खिडकीत मांडली होती. तिथून माझी हद्द थेट कार्यशाळेच्या शिकंज्यापर्यंत पोचत असे. बांधणारा मला एप्रनच्या खिशात ठेवी. फोन वाजला की खळीचा हात पुसून, एका झेपेत मला कानाशी नेई. मग पलीकडून कोणी वकिलाचा कारकून बोलू लागला की त्याचा आवाज मंदावे. बोलताना जागेवर उभे राहणे त्याला जमतच नसे. मनाला लागणारे बोलणे असले की तो पाठीमागे हात बांधून चालत सुटे. घर ते कार्यशाळा, कार्यशाळा ते घर. या येरझाऱ्यांत माझा एकही शब्द कधी सांडला नाही. आत्याबाई रोज सकाळी ओल्या फडक्याने मला वरून खाली पुसत. त्यात माझी बटणे दाबली जात आणि पडद्यावरचे नंबर भराभर सरकत. "गुदगुल्या होतात वाटतं याला," त्या म्हणत. मला ते आवडे, हे मी आज कबूल करतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मध्ये बोलू नका.

दर तीन वर्षांनी त्या घराला रंग लागे. त्या वर्षी रंगारी आले, भिंती खरवडू लागले आणि पांढरी धूळ उडू लागली. आत्याबाईंनी खुर्च्यांवर चादरी टाकल्या, घड्याळाला पिशवी घातली आणि माझी बैठक उचलून, मऊ पंच्यात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली. तार दाराच्या फटीतून आत घेतली आणि दार लावून किल्ली कमरेला खोचली. मायेने केलेले काम होते ते! पण मित्रांनो, लोखंडापुढे आमचे काही चालत नाही. माझी हद्द त्या क्षणी मागच्या पायरीपर्यंत आखडली. हे मला कळत होते. सांगता येत नव्हते. पडद्यावर घराची खूण फिकट करणे एवढेच माझ्या हाती होते, आणि ती मी केली. कोणी पाहिली नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. बांधणारा स्वयंपाकघरात चहा पीत उभा होता. मी वाजलो.

"हॅलो," तो म्हणाला.

पलीकडे श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "बाबा, मी बोलतेय. फोन ठेवू नका. एवढं फक्त ऐका."

त्याच्या तोंडून शब्द फुटेना. समोर शिडीवर रंगारी गाणे गुणगुणत होता, शेजारी आत्याबाई कान टवकारून उभ्या होत्या. त्याने कपबशी ओट्यावर ठेवली आणि नेहमीच्या सवयीने तो मागच्या दाराकडे चालू लागला.

"बाबा, ऐकताय ना? मी परवा एक जुनं पुस्तक उसवलं. तुमची शिवण होती हो. एक टाका हलला नव्हता. मला..."

एक पाऊल. पायरी. मी माझे सारे बळ एकवटून त्या कपाटातल्या डब्याला धरून राहिलो. दुसरे पाऊल अंगणात पडले आणि माझी पकड सुटली. त्याच क्षणी त्याला कंठ फुटला. "बोल, ठमे," तो म्हणाला. "बोल, बाळा."

ते शब्द माझ्या तोंडाशी आले आणि त्यांना पुढे वाट नव्हती. मी मोबाइल झालो होतो. चालू असलेले बोलणे एका घरातून दुसऱ्या घरात नेण्याची विद्या मला कोणी शिकवली नव्हती. पलीकडे त्या मुलीला काय ऐकू आले असेल? 'फोन ठेवू नका' म्हटल्यावर फोन ठेवल्याचा आवाज. चार वर्षांपूर्वीसारखाच.

त्याने मला हलवले, फुंकर मारली, कानाशी धरून "ठमे, ठमे" म्हणून हाका मारल्या. मग तो तसाच, एप्रन घालून, गल्लीच्या टोकाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला. दुकानदाराने माझ्यासारखा फोन आधी पाहिलाच नव्हता.

"मला आत्ता कोणाचा फोन आला, त्याचा नंबर काढून द्या."

दुकानदाराने बटणे दाबली. "काका, तुम्हाला आज कोणाचाच फोन नाही आला."

"अहो, आत्ता बोललो मी!"

"बोलला असता तर इथं दिसलं असतं. हे बघा, यादी रिकामी."

ती बाहेरची यादी होती. तिचा नंबर माझ्या घरच्या यादीत, पहिल्या जागेवर, ठळक बसलेला होता. घरी जाऊन तेच बटण दाबले असते तरी पुरे होते. मी ओरडू शकलो असतो, तर ती बाजारगल्ली दणाणून सोडली असती.

"कोणाचा होता रे फोन?" घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारले.

"कोणाचा नाही," तो म्हणाला आणि कार्यशाळेत जाऊन बसला.

माझ्या घरच्या यादीत दहाच नंबर मावत. नवा आला की जुने एकेक पायरी खाली उतरत आणि अकरावा कायमचा जाई. दुपारी वकिलाच्या कारकुनाचा फोन आला. ठमीचा नंबर दुसरा झाला. मग ग्रंथालयाच्या बाई, मग एक चुकीचा नंबर, मग पुठ्ठेवाला. आठ दिवसांत नऊ फोन आले. प्रत्येक घंटेबरोबर माझा जीव टांगणीला लागे. आणि वाजणे तर माझे कर्तव्य! नवव्या फोनला तिचा नंबर दहाव्या जागेवर जाऊन टेकला. आता आणखी एक घंटा आणि सारे संपले असते.

पण बांधणाऱ्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता. डबा कपाटातच राहिला होता, आत्याबाईंना ती जागा पसंत पडली होती, आणि मी कार्यशाळेत रोज तुटत होतो. "दगाबाज आहे हा," तो म्हणाला. त्याने तारेला पुन्हा तो काळा फोन जोडला आणि मला दाभणांच्या खणात टाकले. मित्रांनो, टाकून दिल्याचे दुःख कोणाला चुकले आहे? पण त्या दिवशी मी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्याकडे दुर्लक्ष झाले, म्हणून तो नंबर वाचला.

खणात तीन वर्षे गेली. खण उघडे, हात येई, दाभण घेई आणि खण मिटे. माझ्या अंगातली वीज पहिल्या महिन्यातच संपली.

आज सकाळी पुन्हा रंगारी आले. आत्याबाईंनी कपाट रिकामे केले, तेव्हा पंच्यात गुंडाळलेला डबा निघाला. "हा कोणाला तरी देऊन टाकू," त्या म्हणाल्या. पण नियम म्हणजे नियम. वस्तू चालती आणि पुसलेलीच जाणार! त्यांनी डबा खिडकीत मांडला, काळ्या फोनची तार काढून त्याला जोडली, मला खणातून शोधून बैठकीवर बसवले. तासाभराने माझा पडदा उजळला. त्यांनी ओले फडके घेतले आणि मला वरून खाली पुसले.

नंबर सरकू लागले. पुठ्ठेवाला, ग्रंथालय, कारकून... आणि शेवटचा नंबर पडद्यावर थांबला. त्याखाली तारीख होती. आत्याबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ती तारीख दोनदा वाचली.

"दादा! हातातलं टाक आणि इकडे ये."

तो खळीच्या हातांनी आला.

"ही तारीख बघ. गेल्या रंगाचा पहिला दिवस. अंगणात 'ठमे, ठमे' म्हणून हाका मारत होतास ना, त्या फोनचा हा नंबर."

त्याने मला हातात घेतले. "पण तो तुटला होता. तिनं ठेवला."

"तेव्हा हा डबा कुठं होता, ठाऊक आहे? कपाटात. मी कोंडला होता, धूळ बसू नये म्हणून." आत्याबाईंचा आवाज मी कधी इतका लहान ऐकला नव्हता. "तिनं नाही ठेवला, दादा. मी तोडला."

त्याने मला आणि डब्याला कपाटापाशी नेले, डबा आत ठेवून दार लावले आणि मला घेऊन पायरी उतरला. माझ्यावरची घराची खूण विझली. तो परत आला, डबा पुन्हा खिडकीत ठेवला आणि म्हणाला, "पुस्तकं मी उसवली होती. तू डब्याचं काय घेऊन बसलीस?"

मग त्याने हिरवे बटण दाबले.

माझ्या म्हाताऱ्या बॅटरीत फार तर तीन मिनिटांची वीज आहे. तीन वर्षांत तो नंबर दुसऱ्या कोणाचा झाला असेल का, मला ठाऊक नाही. ठमी आपल्या बापाशी बोलेल का, तेही ठाऊक नाही. मी पूर्वीइतकाच परस्वाधीन आहे. घंटा पलीकडे नेऊन पोचवायची, एवढेच माझे काम.

मित्रांनो, एक सांगतो आणि थांबतो. मनातले बोलायचे असेल तेव्हा जागचे हलू नका. आणि बोलता बोलता फोन तुटला, तर आधी आमच्यावर आळ घ्या, माणसावर घेऊ नका. आमची पाठ रुंद आहे, आम्ही सोसू. तुम्ही फक्त पुन्हा एकदा फोन लावा.

दुसरी घंटा गेली. तिसरी गेली. बांधणाऱ्याचा पाय सवयीने मागच्या दाराकडे वळला. पण दारात आत्याबाई दोन्ही हात पसरून, चौकट अडवून उभ्या आहेत.

"खबरदार, दादा," त्या म्हणतात. "एक पाऊल टाकशील तर!"

चौथी घंटा मध्येच थांबली. पलीकडे श्वास ऐकू येतो आहे.

"ठमे," तो म्हणाला. "मी फोन ठेवला नव्हता."