आवाज कोंडलाय

बाबांच्या दुकानात पाऊल टाकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक खुंटी सैल झाली होती म्हणून सकाळी गिटार ठेवून गेले होते. एक खुंटी! आणि आता ती बाकावर उताणी पडलेली, तारा काढलेल्या, आणि बाबा पोलादी पट्टीने तिची पुढची फळी खरवडताहेत. लाकडाच्या कागदासारख्या साली त्यांच्या मांडीवर पडत होत्या.

"बाबा! काय करताय हे?"

"आवाज कोंडलाय हिचा," मान वर न करता ते म्हणाले. "जरा मोकळा करतो."

दादा गल्ल्यावर बसून तारांची पाकिटं लावत होता. "बाबांना समजतं गं," तो म्हणाला. हे त्याचं नेहमीचंच. बाबा म्हणाले रात्र, तर हा दिवा लावायला उठणार.

आता ही काही सहलीला नेऊन झिंग झिंग करायची गिटार नव्हे. जॅझची आहे. जाड फळी कोरून कोरून तिला व्हायोलिनसारखी कमान दिलेली, मधे गोल भोक नाही, दोन्ही बाजूंना वळणदार फटी. बाबांनीच केलेली. तिचा सूर सुका, लाकडाचा. उमटतो, आपलं म्हणणं मांडतो आणि बाजूला होतो, पुढच्या सुराच्या अंगावर सांडत नाही. ड्रमवाला कितीही बडवू दे, माझे कॉर्ड शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचे. त्या आवाजावर माझा जीव आहे आणि पोटही त्यावरच आहे. फळी जाड राहिली तर आवाज दबतो, फार पातळ झाली तर नुसता डबा वाजतो. मधली जागा नखाएवढी. ती बाबा फळीवर टिचकी मारून कानाने ओळखतात, आणि त्यात ते कधी चुकले नव्हते.

कानाने! मला एकदम आठवलं. दादाला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं.

"त्यांचे कान दाखवायला तू गेला होतास ना? डॉक्टर खरं काय म्हणाले?"

"सांगितलं ना तेव्हा, मळ होता."

"दादा!"

"वरचे बारीक सूर ऐकू येईनासे झालेत म्हणाले. यंत्र लावा म्हणाले. माझ्याशीच बोलले ते, मग मी बाबांना सांगितलं मळ म्हणून." तो भिंतीकडे बघत होता. "त्यांना वाईट वाटलं असतं गं."

"आणि हातात पट्टी राहू दिलीस? मूर्खा, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास आणि ते ज्याच्या-त्याच्या गिटारी सोलताहेत! डोकं काय भाड्याने दिलंयस?"

"हळू बोल, ऐकतील."

"ऐकतील कसे?" मी म्हणाले. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

बाहेर आलो तोवर बाबांनी तारा चढवल्या होत्या. "ये, वाजव." मी वाजवली. डबा! मोठा, पोकळ डबा. तार छेडली की ठण्णकन आवाज आणि खाली काहीच नाही. माझी गिटार गेली होती. खरवडून गेलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. मला रडूही येईना, इतका राग आला होता.

आणि बाबा हसत होते. "हा! बघ, उघडली की नाही?" इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांच्यामागून दादा मला ओठांवर बोट ठेवून खुणा करत होता.

बाबांनी भिंतीवरची दुसरी गिटार उतरवली. एका म्हाताऱ्या वादकाची, बाबांनीच फार पूर्वी केलेली. ते वाजवायला लागले की नुसतं ऐकायला मी जवळ उभी राहायचे. "आता हिला घेतो," ते म्हणाले. "हिचाही कोंडलाय." आणि पट्टी फळीवर टेकवली.

मी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, गिटारी बिघडल्या नाहीत. तुमचे कान गेलेत."

"अं?"

एकदा सांगतानाच जीव जात होता, ते मेलं पुन्हा सांगायला लागलं, तेही ओरडून. "तुमचे कान गेलेत! डॉक्टरांनी दादाला सांगितलंय!"

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली. बाबांनी पट्टी बाकावर ठेवली, मग ती गिटार परत खुंटीला अडकवली, सावकाश, दोन्ही हातांनी. माझ्या गिटारीबद्दल विचारतील म्हणून मी तयारीत होते. बोलायचं ठरवूनच ठेवलं होतं, एकही शब्द गिळणार नव्हते.

"म्हणजे तुम्ही नीटच बोलत होता," ते म्हणाले. "मला वाटायचं, दोघं मुद्दाम तोंडातल्या तोंडात पुटपुटता. बाप नकोसा झालाय म्हणून."

दादा तोंड फिरवून उभा राहिला. मला अजून भांडायचं होतं. कुणाशी, ते कळेना.

"नाही हो, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वाकले.