ओढ्याकाठचे चौदा मांडव

शनिवारी सकाळी ओढ्याकाठच्या जागेत लाकडी वाशांचे चौदा मांडव उभे होते. प्रत्येक मांडवाला दोन मजले, प्रत्येक मजल्यावर आठशे म्योंगथे मासे, तोंडातून दोरी ओवून जोडीजोडीने टांगलेले. एकूण बावीस हजार चारशे. टांगून आठवडा झाला होता आणि सगळे आतपर्यंत गोठले होते.

वसंतापर्यंत हे मासे रात्री गोठतात, दिवसा थोडे सैल पडतात आणि हळूहळू वाळून पिवळे, हलके होत जातात. बर्फ त्यांना मानवतो, पाऊस नाही. मासा वितळलेला असताना पाणी कल्ल्यांतून आत शिरलं की तो आंबतो. त्याचं मांस साधारण उणे एक अंशाला गोठतं. आतून तेवढं थंड असलं तर पाऊस नुसता ओघळून जातो.

आमच्या खोऱ्यात मांडव कोणी झाकत नाही. पण आमची वरची जागा मालकाने यंदा कॅफेला दिली आणि आईला दीडशे मीटर खाली, ओढ्याकाठी, अंशभर उबदार हवेत यावं लागलं. दादाचं म्हणणं होतं की आता पुरे, आमच्याकडे शहरात, आनसानला राहायला ये. आईने त्याला शब्द दिला होता, यंदाचा माल बिघडला तर येईन. त्याने तिच्यासाठी खोलीही रिकामी करून ठेवली होती.

रेडिओवर सांगत होते, किनाऱ्यावर पाऊस, घाटावर बर्फ. आम्ही बरोबर मधे.

"झाकू या," आई म्हणाली.

गिसोपकाका, बाबांचे धाकटे भाऊ, कुंपणापाशी उभे राहून ताडपत्र्यांचे गठ्ठे बघत होते. "वहिनी, माशांना सर्दी होईल म्हणून पांघरूण का?"

"तुमचे मासे वर आहेत, भावोजी. तुम्हाला थट्टा सुचणारच."

"अहो, बर्फ आला तर? वासे मोडतील, मासे मातीत. पडका माल कोण घेतो?"

"आणि पाऊस आला तर?"

काकांनी सिगरेट विझवली आणि दोरीचं एक टोक धरलं. "ए हेवॉन, तू पदार्थविज्ञान शिकलीस ना? सांग की काय येणार ते."

"अर्ध्या अंशाचा प्रश्न आहे, काका. अर्ध्या अंशाचं मी नाही सांगू शकत."

"चुनचॉनला चार वर्षं घालवलीस ती कशासाठी मग?"

आम्ही तिघांनी दुपारपर्यंत चौदाही मांडव झाकले. मग पाऊस आला. आई पडवीत भाताचा वाडगा हातात घेऊन बसली आणि ताडपत्रीवर वाजणारं पाणी ऐकत राहिली. त्या दिवसात ती तेवढीच एकदा हसली. "फोन कर तुझ्या काकांना, पाऊस आलाय म्हणावं," ती मला म्हणाली. काका समोरच बसले होते.

दुपार कलल्यावर वाजणं मंद झालं. मी बाहेर जाऊन हवेचा पारा बघितला. दीड अंश होता, आता अर्धा. वरून पडणारा बर्फ वितळताना हवेतली ऊब शोषून घेतो, मग हवा थंड होते आणि पुढचा बर्फ न वितळता खाली येतो. समुद्राकडून वारा जोराचा असला तर तो ऊब परत आणतो. वारा पडला होता.

बर्फ आला, ओला आणि जड. ताडपत्र्यांना पोट सुटलं. बाजूने काठीने ढकलला तर तो मधेच गोळा व्हायचा. सातव्या मांडवाचा वासा तडकल्याचा आवाज आला, आणि मांडव गुडघे टेकावेत तसा खाली बसला. लगेच आठवाही.

"कापा वहिनी, कापून टाका!" काका ओरडले.

आई माझ्याकडे वळली. "परत पाऊस होईल का?"

"होऊ शकतो. वारा सुटला तर."

"म्हणजे कापलं तर भिजतील."

"हो."

"आणि नाही कापलं तर?"

नववा करकरत होता. तिने विळा उचलला. स्वतः बांधलेल्या गाठी सोडवायला तिला वेळ नव्हता. ताडपत्रीचं पोट तिने खालून उभं फाडलं आणि वरचा सगळा बर्फ तिच्या डोक्यावर, खांद्यांवर कोसळला. ती तशीच पुढच्या मांडवाकडे गेली. मी आणि काका दुसऱ्या टोकाकडून कापत आलो. अंधार पडेपर्यंत बारा मांडव उघडे झाले होते आणि माशांवर बर्फाचा थर चढत होता.

"बारा उभे आहेत," काका म्हणाले. आईने विळा पुसून जागेवर ठेवला.

सकाळी पूर्वेचा वारा सुटला होता आणि पाऊस पडत होता. छपरावरचा बर्फ करडा झाला होता, कडेकडेने पाणी टपकत होतं. माशांवरचा थर अजून होता, बोटभर जाडीचा, पाणी पिऊन काचेसारखा झालेला. आई त्याला हात लावत नव्हती. जेवणाआधी पाऊस थांबला.

"खोली रिकामीच आहे म्हणतो तुझा दादा," ती म्हणाली. "खिडकीतून पार्किंग दिसतं."

"आई, आधी मोजू दे. आत उणे एकच्या खाली असला तर वाचला."

"काठावरचा नको घेऊ. मधला घे, खालच्या मजल्यावरचा. तिथे सगळ्यांचं पाणी गळलंय."

मी पाचव्या मांडवाच्या मधला एक मासा धरला, त्याच्यावरचा बर्फ बोटाने बाजूला केला आणि थर्मामीटरची सुई कल्ल्याच्या मागून पाठीच्या जाड मांसात घातली. सुई जोर लावल्याशिवाय गेली नाही. आईने तोंड ओढ्याकडे वळवलं.

"सांग," ती म्हणाली.

आकडे थांबेपर्यंत मी थांबले. उणे एक पूर्णांक तीन.