चुराप्पाला फोडलं ते वर्ष

ही गोष्ट २०१८ सालची, निलंग्याजवळच्या आमच्या गावातली. चुराप्पा हा आमचा मोडतोडीचा देव. तळ्याच्या मातीचा करायचा, वर्षभर पुजायचा आणि वैशाखी अवसेला विधवेनं मुसळानं फोडायचा. मग सगळं गाव ओरडायचं, "त्यानं तुझं मोडलं, तू त्याला मोडलं, फिटलं!" तिथंच तिला हिरवा चुडा भरायचे. त्या दिवसापासून ती बारशाला, हळदीला मानानं जायची. मी एकोणतिसाव्या वर्षी फोडला होता.

त्या साली पाळी माझ्या सुनेची, तनुजाची. माझा संगमेश्वर जाऊन सात महिने झाले होते. पण देवस्थान कमिटीचा अध्यक्ष म्हणजे माझा दीर माणिकप्पा. त्यानं संगमरवरी मूर्ती आणली आणि मातीचा चुराप्पा काचेच्या कपाटात कुलूपबंद केला. अवसेला मी मुसळ घेऊन तनुजा अन् गावातल्या बायांसंगं देवळात गेले, तर हा आडवा.

"वहिनी, जुन्या परंपरेची वस्तू हाय. जपाय पाहिजे."

"चुराप्पाला जपाय लागलास? लोणचं हाय का ते?"

बाया हसल्या. माणिकप्पा तापला.

"अन् चुडा भरून पोरीला कुठं मिरवायचंय? आपल्या घराला लोक काय म्हणतील?"

तेव्हा कळलं, ते कपाट देवासाठी नव्हतंच.

मी काही बोलायच्या आत तनुजानं माझ्या हातातलं मुसळ घेतलं. सात महिने ती कुणाशी धड बोलली नव्हती.

"मामा, बाजूला व्हा. काच लागंल."

पहिल्या घावात कपाट गेलं, दुसऱ्यात चुराप्पा. माती पार दारापर्यंत उडाली. पण माणिकप्पाच्या धाकानं कुणी तोंड उघडेना. तनुजा मुसळ धरून उभी.

"फिटलं!"

कोण ओरडलं म्हणून वळून पाहिलं, तर माणिकप्पाची बायको नीलम्मा. मग सगळं गाव ओरडलं. सकाळपासून लिंबाखाली बांगड्यांची पेटी घेऊन बसलेली कासारीण अमीरबी पुढं आली. "ला बेटी, हात दे. लई वाट बघायला लावलीस."

माणिकप्पा चार वर्षं आमच्या दारात आला नाही. पुढं तो वारला, आणि त्या साली चुराप्पा नीलम्मानं फोडला. संगमरवरी मूर्ती आहे देवळात, कबुतरं बसतात. अमीरबी कोरोनात गेली. आता तिची सून कहकशां पेटी आणते. माझे गुडघे गेले, दात शाबूत आहेत. तनुजानं रेणापूरच्या एका मास्तराशी लग्न केलं. संगमेश्वरच्या पुण्यतिथीला दोघं जोडीनं येतात, माझ्याकडंच मुक्काम करतात. गावात काहींना खटकतं.

खटकू दे.