वालीचा फोन

मानवजातीच्या इतिहासातलं अंतराचं युग आज संपलं, असं आमच्या हलसिनकोप्पच्या टॉवरच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी जाहीर केलं. टाळ्या थांबायच्या आत टॉवर बंद पडला. पाहुण्यांची गाडी बोलवायला सायकलवरून माणूस धाडावा लागला.

पुढे वर्षभर मात्र टॉवर बरा चालला. इतका बरा, की त्याच्या भरवशावर सुब्राय हेगड्यांचा मुलगा आणि सून शाल्मली बंगळूर सोडून गावात राहायला आले. शिरसीच्या आसपासच्या आमच्या सुपारीच्या गावांत हल्ली घरटी दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा एवढंच उरलेलं असतं. सुब्रायभावांच्या घरातून तरुण माणसांचं हसणं ऐकू येतं, म्हणून आम्ही उगीच चुना मागायला जात असू. शाल्मली माडीवर बसून कानाला यंत्र लावून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करायची.

मग टॉवर पुन्हा मेला. दिवस तेवीस, तक्रारी बावीस. प्रत्येक तक्रारीचं शिरसीला जाऊन विचारलं, तर कंपनीचं उत्तर एकच : आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. शाल्मली सुपारी वाळवायच्या मांडवावर चढून, एक हात आभाळाकडे करून रेंज शोधायची. खालून येणारेजाणारे नमस्कार करायचे. शुक्रवारी जेवताना ती सासऱ्यांना म्हणाली, "मावय्या, ऑफिसनं शेवटचं सांगितलंय. सोमवारी नऊच्या मीटिंगला मी दिसले नाही, तर आम्हाला बंगळूरला परत जावं लागेल."

सुब्रायभाव पानातली ताकाची तंबुळी तशीच टाकून उठले.

आता सुब्रायभाव कोण, ते सांगतो. आमच्याकडे ताळमद्दळे असते. रंग नाही, वेष नाही, नाच नाही. मांडी घालून बसायचं आणि पुराणातलं पात्र होऊन समोरच्याशी वाद घालायचा. त्यात वाली म्हणजे सुब्रायभाव. रामानं झाडाआडून मारलेला बाण छातीत घेऊन ते तीन तास बोलतात. एकदा राम झालेल्या मास्तरांनी हात जोडून "चुकलं माझं" म्हटलं होतं, आणि पुढची कथा कुठून उचलायची हे गाणाऱ्या भागवतांना कळेना. त्यांच्या साथीला मद्दळे, म्हणजे आमचा मृदंग, मी वाजवतो.

शनिवारी दुपारी ते सुपारी सोसायटीच्या कचेरीत आले. गावातला शेवटचा तारेचा फोन तिथे आहे आणि कचेरीची किल्ली माझ्याकडे. त्यांच्या खांद्यावर प्रयोगाची जरीची शाल होती.

"भावा, शाल कशाला?" मी विचारलं.

"समोर कोण आहे ते माहीत नाही. आपण आपल्या बाजूनं तयार असावं."

मी कंपनीचा नंबर फिरवला आणि स्पीकर चालू केला. चाळीस मिनिटं एक बाई सांगत राहिली, की आमचा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. "मंगलाचरण लांबलंय," सुब्रायभाव म्हणाले. शेवटी एक मुलगा बोलला, "नमस्कार री सर, हुबळीहून मुत्तुराज. काय मदत करू?"

"टॉवर बंद आहे."

"आमच्याकडे चालू दिसतोय सर. तक्रारीचं निवारण झालंय."

"कुणी केलं?"

"सिस्टीमनं."

"तिला समोर बोलव."

"ती अशी येत नाही री." मग त्यानं शिकवलेलं वाक्य म्हटलं, "आणखी काही मदत करू शकतो का?"

इथे तो फसला. ताळमद्दळेत समोरच्यानं असा सवाल टाकला, की त्याचा अर्थ एकच : तुझी पाळी, बोल. सुब्रायभावांनी शाल सावरली आणि आवाज खर्जात नेला.

"आणखी? अरे, झाडाआड दडून नेम धरणाऱ्या धनुर्धरा! बाण लागला मला, आणि जखम भरली की नाही हे तू आपल्या भात्याला विचारतोस?"

"सर, धनुर्धर नाही. मुत्तुराज."

"नाव सांगितलंस, चेहरा कुठे आहे?"

तासाभरानं पोरगा काकुळतीला आला. "सर, आम्हाला फोन आपणहून ठेवायची परवानगी नाही. तुम्हीच ठेवा री."

"वाली रणात पाठ दाखवत नाही."

"बरं सर," असा उसासा टाकून, नियम होता म्हणून बिचाऱ्यानं पुन्हा विचारलं, "आणखी काही मदत करू शकतो का?"

की पुन्हा सुरू. माझी बोटं आपोआप टेबलावर ताल धरू लागली. दुसऱ्या तासाला फोनमधून आणखी आवाज यायला लागले. मुत्तुराजच्या आजूबाजूची पोरं गोळा झाली होती. एकजण "वा!" म्हणाला. मुत्तुराजलाही आता चढली.

"राजा कायद्यानं बांधलेला असतो री," तो म्हणाला.

"शाब्बास! आता राम बोलला. वाच तुझा कायदा."

त्यानं वाचला. तक्रार मिटली की ग्राहकाला निरोप जातो. मिटली नसेल, तर ग्राहकानं त्याच निरोपाला 'नाही' असं उत्तर द्यायचं. दिवसभरात उत्तर आलं नाही, तर तक्रार मिटली असं धरतात.

"निरोप कुठे पाठवता?"

"तुमच्या मोबाईलवर."

सुब्रायभावांनी पाण्याचा एक घोट घेतला. मग अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाळा, कुठल्या टॉवरवरून?"

मी टेबलावर अशी थाप मारली, की शाईची दौत लवंडली.

तेवढ्यात तिकडे एका बाईंचा आवाज आला. "काय गर्दी आहे ही? कोण आहे फोनवर?"

"वाली आहे मॅडम," मुत्तुराज म्हणाला. "आणि त्याचं बरोबर आहे."

मॅडमनी फोन घेतला, नियम ऐकला, दोनदा ऐकला, आणि तक्रार स्वतःच्या हातानं कागदावर लिहून घेतली.

रविवारी सकाळी शिरसीहून जीप आली. रस्ता रुंद करताना बुलडोझरनं केबल तोडली होती. इतके दिवस अडलेलं काम वीस मिनिटांत झालं. गावानं टॉवरला नारळ फोडला, तंत्रज्ञाला मसाल्याचं गरम कषाय पाजलं आणि सुब्रायभावांना सुपारीच्या तुऱ्यांचा हार घातला.

सोमवारी नऊ वाजता सगळं गाव त्यांच्या ओसरीवर होतं. ज्यांनी प्रसंग ऐकला नव्हता त्यांना तो पहिल्यापासून हवा होता, म्हणून मी घरून मद्दळे आणलं. सुब्रायभावांनी शाल सावरली, छातीवर हात ठेवला आणि कौलं हलतील अशा आवाजात सुरुवात केली, "अरे, झाडाआड दडून नेम धरणाऱ्या..."

माडीची खिडकी उघडली. कानाला यंत्र लावलेली शाल्मली वाकून म्हणाली, "मावय्या, जरा हळू बोलाल का? मीटिंग चालू आहे."